विनापरवाना बंदूक बनवली तर कोणता कायदा लागतो?

भाईंदर पूर्वेला गोडदेव भागात एखाद्या गाळ्यात लेथ मशीनवर कुणी पिस्तुलाची नळी तयार केली, तर गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवला जाईल? पोलीस राज्याचे, म्हणून कायदाही राज्याचा, असा समज असतो. तसं नाही. अमेरिकेत घरी बंदूक बनवण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. भारतात मात्र शस्त्रास्त्रं हा राज्यघटनेच्या केंद्र सूचीतला विषय आहे. त्यामुळे गोडदेवला आणि बिहारमधल्या मुंगेरला एकच कायदा लागू होतो: शस्त्र अधिनियम, 1959.

या कायद्याचं कलम 5 परवान्याशिवाय बंदूक बनवायला, विकायला, इतकंच काय, दुरुस्त करायलाही मनाई करतं. नळी कापून आखूड करणं किंवा नकली बंदूक खरी करणं कलम 6 मध्ये येतं. हौस म्हणून एक बनवली, ही सबब चालत नाही. खरी मेख व्याख्येत आहे. 'अग्निशस्त्र' या शब्दात सुटे भाग आणि बंदुका बनवण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. म्हणजे तयार कट्टा सापडलाच पाहिजे असं नाही.

शिक्षा किती?

पूर्वी बनवण्याला 3 ते 7 वर्षं होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप आणि दंड अशी झाली. स्वयंचलित, म्हणजे प्रतिबंधित शस्त्र असेल तर किमान 10 वर्षं. साधी बंदूक विनापरवाना नुसती बाळगली तर 2 ते 5 वर्षं. म्हणून 'बनवला' की 'बाळगला' यावर आरोपीची बरीच वर्षं अवलंबून असतात. बातमीत '3/25' दिसलं तर बाळगणं, '5/25' दिसलं तर बनवणं किंवा विकणं समजावं.

मग राज्याचं काय? मनाई आदेश लागू असताना शस्त्र घेऊन फिरल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(1) आणि 135 जोडलं जातं. टोळीचं काम असेल तर 1999 चा मकोका.

आणखी एक बारकावा. नुसतं बाळगल्याचा खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ऑक्टोबर 2020 मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. आयुक्तालय असलेल्या भागात हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. बनवल्याच्या खटल्याला अशी मंजुरी लागत नाही.