कर्नाळ्याचें रान व त्याचे राखणदार

पनवेलीहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सात-आठ मैलांवर कर्नाळ्याचा किल्ला आहे. त्याचा अंगठ्यासारखा सुळका दूरवरून ओळखूं येतो. या किल्ल्याचा राजकीय इतिहास वाचकांस परिचित आहे. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें मोगलांस दिलेल्या २३ किल्ल्यांत त्याची गणना होते. १६७० त तो मराठ्यांकडे परत आला व १८१८ त कर्नल प्रॉथर याच्या फौजेनें तो घेतला. पायथ्याजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा अनंतराव हे येथील किल्लेदार होते. याप्रमाणें किल्ला कोणीं राखला याचा शोध पुष्कळ झाला आहे. किल्ल्याभोवतालचें रान कोणीं राखलें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

मराठी राज्यांत रानाविषयीं कांहीं धोरण होतें काय, या प्रश्नास आज्ञापत्रांत स्पष्ट उत्तर मिळतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें चालत आलेल्या व इ. स. १७१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथांत आरमारास लागणाऱ्या लांकडाचा विचार आहे. सागवानादि झाडें सरकारपरवानगीनें तोडावीं. आंबे, फणस यांस मात्र हात लावूं नये, कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत व रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड घेणेंच झाल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्ष व्यवहारांत हा नियम सर्वत्र पाळला गेला असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु राखणीचें मूळ रयतेच्या संमतींत आहे, हें तत्त्व त्यांत नि:संशय दिसतें.

इंग्रजी अमलांत हें तत्त्व मागें पडलें. १८४७ त डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढें १८६५ व १८७८ चे जंगलकायदे झाले. रानाचे रेंज, राउंड व बीट असे विभाग पडले. बीटावर गार्ड व रेंजवर रेंजर, म्हणजे आजचा वनक्षेत्रपाल, अशी उतरंड लागली. तोडलेल्या लांकडावर हातोड्यानें शिक्का उमटविणें, माल नेण्याचे पास तपासणें, वणवा विझविणें व गुन्हा नोंदणें हीं त्यांचीं नित्याचीं कामें झालीं. पनवेल भागांतील कातकऱ्यांस त्यांचें नांवच खैराचा कात काढण्यावरून मिळालेलें. रान राखीव झाल्यावर त्यांचा हा पिढीजात धंदा गुन्ह्याच्या सदरांत जाऊं लागला. राखणदार व रानकरी यांचें वैर येथून सुरू झालें, असें आमचें मत आहे.

या वैराचा कळस २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेर येथें झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगलकायदा मोडण्यास जमले असतां पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत नाग्या कातकऱ्यासह आठ सत्याग्रही कामास आले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या प्रसंगीं मारले गेले. ज्या रानाच्या रक्षणासाठीं कायदा झाला, त्याच रानांत कायदा मोडणारा व कायदा राबविणारा असे दोघेही पडले.

ही गोष्ट केवळ कोंकणची नव्हे. रेंजर हा शब्द उच्चारतांच ज्या अफ्रिकेची आठवण होते, तेथेंही हाच प्रश्न उभा राहिला. दक्षिण अफ्रिकेंतील साबी राखीव रानावर १९०२ त जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हे अधिकारी नेमले गेले. १९२६ त त्या रानाचें क्रूगर राष्ट्रीय उद्यान झालें व १९४६ पर्यंत त्यांनीं तें सांभाळलें. सिंह, हत्ती वाचले याचें श्रेय त्यांस आहेच. परंतु आरंभीं त्यांनीं रानांतील वस्त्या उठविल्या, म्हणून तेथील लोकांनीं त्यांस ‘स्कुकुझा’, म्हणजे सर्व झाडून साफ करणारा, असें नांव दिलें. आज उद्यानाचें मुख्य ठाणें त्याच नांवानें ओळखलें जातें. कांगोंतील विरुंगा उद्यान १९२५ त स्थापन झालें; त्याच्या रक्षणांत आजवर दोनशेंहून अधिक रेंजरांनीं प्राण दिले आहेत. तेव्हां राखणदाराच्या निष्ठेविषयीं शंका नाहीं. मात्र भोवतालच्या लोकांशीं सख्य नसेल, तर रान व राखणदार दोघांवरही संकट येतें.

हें सख्य साधतां येतें याचें उदाहरण मराठी मुलखांतच आहे. कर्नाळ्याचें रान १९६८ त पक्षी-अभयारण्य झालें. त्या वेळीं त्याचें क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होतें. पुढें तें १२.११ झालें. ज्या वनाधिकाऱ्यांनीं तें घडविलें, त्यांत मारुती चितमपल्ली यांचें नांव अग्रभागीं येतें. १९३२ त सोलापुरास जन्मलेले चितमपल्ली १९५८ ते १९६० या काळांत कोइमतूरच्या वनमहाविद्यालयांत शिकले व वनक्षेत्रपाल झाले. कर्नाळा, नवेगांव, नागझिरा, मेळघाट येथील रानें त्यांनीं सांभाळलीं व १९९० त ते निवृत्त झाले. त्यांचा विशेष हा कीं, जो रानकरी कागदोपत्रीं गुन्हेगार ठरे, त्यास त्यांनीं गुरु केलें. नवेगांवबांधास माधवराव पाटील डोंगरवार यांच्याजवळ बसून ते रान शिकले. गोंड, ढीवर आदि लोकांकडून त्यांनीं पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें टिपून घेतलीं आणि त्यांतून पुढें ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. हंसदेव या जैन पंडिताच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादांतही त्यांचा वाटा आहे. पोथी व रानवाट हीं दोन्ही साधनें सारख्याच आदरानें वाचणारा असा राखणदार विरळा. २००६ त सोलापुरास भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद व २०२५ त पद्मश्री असे मान त्यांस मिळाले. त्याच वर्षीं १८ जून रोजीं त्यांचें देहावसान झालें.

वरील विवेचनावरून आमचा निष्कर्ष असा कीं, रानाचा राखणदार हुकमानें नेमला जातो, परंतु टिकतो तो लोकांच्या संमतीनें. आज्ञापत्र हें सांगतें, चिरनेर त्याची उलट साक्ष देतें व चितमपल्लींची कारकीर्द तेंच सिद्ध करते.

या विषयाचीं साधनें दफ्तरखान्यांत थोडीं व घरोघरीं अधिक असावयाचीं. बीट-गार्डाची रोजनिशी, वणव्याची टिपणें, पासांचीं पुस्तकें, गुरचराईचे अर्ज, रानांतील नाल्यांचीं व देवस्थानांचीं स्थानिक नांवें दाखविणारे नकाशे हे कागद रद्दी समजून टाकले जातात. सनदा व बखरी जपणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, पनवेल, पेण, उरण भागांतील अशा कुटुंबांकडे त्यांनीं विचारणा करावी व जें मिळेल त्याची नक्कल करून ठेवावी. किल्लेदाराच्या हुकमाइतकीच गार्डाची रोजनिशीही अस्सल असते.