नवाबाच्या शिकारीचे रान आणि सायकलची वाट

म्हसळा, श्रीवर्धन आणि मुरूड हे महाल १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या अमलाखाली होते. राजपुरी खाडीच्या उत्तरेचे फणसाडचे रान नवाबांनी शिकारीसाठी राखले होते. आज तेथे शेकरू दिसते, त्याचे थोडे श्रेय या राजेशाही हौसेला द्यावेच लागते.

संस्थान विलीन झाले आणि या डोंगरांना १९२७ चा भारतीय वन कायदा लागू झाला. त्याचे २५ वे कलम खास वाटांविषयी आहे. राखीव वनातील वाट वनाधिकारी सरकारी मंजुरीने बंद करू शकतो, परंतु सोयीची पर्यायी वाट असेल किंवा करून दिली असेल तरच. ब्रिटिशांच्या कायद्याने पायवाटेची एवढी बूज राखावी, हे नवलच!

१९८६ साली फणसाड अभयारण्य झाले आणि तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २७ वे कलम आले. अभयारण्यातील सार्वजनिक हमरस्त्याने कोणीही जावे. चाक पायवाटेकडे वळले की परवाना हवा. परवान्याच्या कारणांत पर्यटन आहे, म्हणून गिअरची सायकल घेऊन आलेल्या पाहुण्याला निदान अर्ज तरी करता येतो.

पिढ्यान्‌पिढ्या तीच वाट तुडवणाऱ्या आदिवासीचे काय? तो पर्यटक नव्हे. त्याचा रूढ हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने अभयारण्यातही मान्य केला. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा.

म्हसळ्याकडचे डोंगर फणसाडच्या हद्दीबाहेर आहेत. तेथील राखीव वनात सायकलस्वार असो वा गुराखी, वाटेचा प्रश्न निघाला की आजही १९२७ चाच कायदा उघडावा लागतो.