शरीरसौष्ठव

शरीरसौष्ठव : आहार, व्यायाम व विश्रांती यांच्या पद्धतशीर योजनेने ऐच्छिक स्नायूंचा प्रमाणबद्ध विकास करणे आणि त्वचेखालील मेद कमी करून त्या स्नायूंची विभागणी बाह्यतः स्पष्ट दिसेल अशी अवस्था साधणे, यास शरीरसौष्ठव असे म्हणतात. कुस्ती वा भारोत्तोलन यांत शरीराने काय केले हे मोजले जाते. शरीरसौष्ठवात शरीर कसे दिसते हे पाहिले जाते. आकारमान, प्रमाणबद्धता व स्नायूंची सुस्पष्टता हे त्याचे तीन प्रमुख निकष होत. यांपैकी सुस्पष्टतेस, म्हणजे व्यायामशाळांतील बोलीत ज्यास ‘कट’ म्हणतात त्या गुणास, आज जे महत्त्व आहे ते प्रारंभी नव्हते. बल आणि बलाचे दर्शन या दोन गोष्टी हळूहळू एकमेकींपासून कशा वेगळ्या होत गेल्या, हाच या कलेच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

प्राचीन पार्श्वभूमी : रेखीव स्नायूंच्या पुरुषदेहाचा आदर्श प्रथम ग्रीक शिल्पकलेत निश्चित झाला. इ. स. पू. पाचव्या शतकातील पॉलिक्लायटस या शिल्पकाराने देहाच्या प्रमाणांविषयी ग्रंथ लिहिला होता. तो आज उपलब्ध नाही. परंतु त्याच्या ‘भालाधारी’ या शिल्पाच्या रोमन प्रतिकृतींवरून ती प्रमाणे समजू शकतात. उदराच्या स्नायूंचे चौकोनी विभाग व कटीवरील ठळक रेषा ही या शिल्पाची वैशिष्ट्ये पुढील सर्व काळात आदर्श ठरली.

भारतीय परंपरेचा रोख वेगळा होता. चरकसंहितेत अतिस्थूल व अतिकृश अशा दोन्ही देहांस निंद्य मानून सममांस देहाची प्रशंसा केली आहे, तर सुश्रुतसंहितेत अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा असे सांगितले आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात मल्लांचे वर्ग, त्यांचा सराव व त्यांना द्यावयाचा पौष्टिक आहार यांचे वर्णन आढळते. दंड, बैठका, जोर, मुद्गल व मल्लखांब हे व्यायामप्रकार पुढे तालमींतून रूढ झाले. दूध, तूप व बदाम यांच्या खुराकावर पोसलेला पहिलवान भारदस्त दिसे; त्याच्या स्नायूंवर मेदाचा थर असे आणि तो दोष मानला जात नसे. १९१० साली लंडनमध्ये कीर्ती मिळविणाऱ्या गामा पहिलवानाची (१८७८–१९६०) थोरवी आखाड्यात ठरली, आरशात नव्हे.

आधुनिक प्रारंभ : आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक म्हणून यूजेन सँडो (१८६७–१९२५) याचा उल्लेख केला जातो. त्याचा जन्म प्रशियातील कोनिग्झबर्ग येथे झाला. प्रारंभी तो वजने उचलण्याचे व साखळ्या तोडण्याचे प्रयोग करणारा बलवान म्हणून रंगभूमीवर आला. १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या काळात फ्लोरेन्झ झीगफेल्ड या व्यवस्थापकाने त्याचे प्रयोग केले, तेव्हा प्रेक्षकांना त्याने उचललेल्या वजनांपेक्षा त्याच्या देहाचेच अधिक आकर्षण आहे, असे दिसून आले. प्राचीन पुतळ्यांच्या पवित्र्यांत तो उभा राही व एकेक स्नायू ताणून दाखवी. १८९४ मध्ये एडिसनच्या चलच्चित्रात त्याची ही प्रात्यक्षिके टिपली गेली. छायाचित्रणाच्या प्रसारामुळे त्याची प्रतिमा घरोघर पोहोचली आणि सामान्य माणसास आपला देह दुसऱ्याच्या देहाशी ताडून पाहण्याचे साधन प्रथमच मिळाले.

सँडोने १८९७ मध्ये लंडन येथे शरीरसंवर्धन संस्था काढली व पुढील वर्षी मासिक सुरू केले. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये त्याने भरविलेली स्पर्धा ही शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा होय. सँडोखेरीज शिल्पकार चार्ल्स लॉझ व लेखक आर्थर कॉनन डॉइल हे तीत परीक्षक होते आणि नॉटिंगहॅमचा विल्यम मरी विजयी ठरला. केवळ मोठे स्नायू असणाऱ्यास बक्षीस मिळणार नाही, हे आधीच जाहीर केलेले होते. सर्वांगीण वाढ, तिचा समतोल, स्नायूंचा कसदारपणा, एकंदर आरोग्य आणि त्वचेची स्थिती असे गुणांकनाचे निकष होते. आरोग्य हा निकष या यादीत होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण पुढील काळात तोच सर्वप्रथम गळाला.

अमेरिकेत बर्नार मॅकफॅडन याने नियतकालिकाद्वारे व १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथील स्पर्धेद्वारे या चळवळीस चालना दिली. त्याच्या स्पर्धांतून पुढे आलेल्या चार्ल्स ॲटलसने टपालाने व्यायामाचे पाठ विकण्याचा मोठा व्यवसाय उभारला.

भारतातील प्रसार : सँडोने १९०४-०५ मध्ये भारताचा दौरा केला, तेव्हा मुंबई व कलकत्ता येथील त्याच्या प्रयोगांना मोठी गर्दी झाली. बिनबाह्यांच्या गंजिफ्रॉकास आपल्याकडे रूढ झालेले ‘सँडो’ हे नाव त्याच्याच लोकप्रियतेची खूण मानले जाते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १८९७ च्या सुमारास सँडोची पुस्तके व साधने मागवून सु. दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले व त्याचे सर्वांत मोठे प्रचारक झाले. पाश्चात्त्य साधने व देशी व्यायाम यांची ही देवघेव अन्यत्रही दिसते. बंगलोरचे के. व्ही. अय्यर यांनी वजनांच्या व्यायामास योगासनांची जोड दिली. त्यांचे स्नायुविषयक पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. कलकत्त्यात विष्णुचरण घोष (१९०३–७०) यांनी स्नायुनियंत्रणाची, म्हणजे एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करण्याची कला शिकविली. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ पासून प्रसिद्ध झालेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशामुळे हे सर्व ज्ञान मराठीत आले.

परकीय सत्तेखाली दुबळा ठरविल्या गेलेल्या समाजात देह कमाविणे हे स्वाभिमानाचे कार्य होते. मनोतोष रॉय यांनी १९५१ मध्ये व मनोहर आईच यांनी १९५२ मध्ये लंडन येथील विश्वश्री स्पर्धेत आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले. आईच यांची उंची सु. १५० सेंमी. होती व ते शंभरीपार जगले (मृत्यू २०१६). त्यानंतर पंजाबचे प्रेमचंद डेग्रा यांनी १९८८ मध्ये विश्वश्री किताब मिळविला, तर कोल्हापूरचे सुहास खामकर २०१० मध्ये आशिया श्री झाले. गिरणगावातील व उपनगरांतील लहान व्यायामशाळांमुळे मुंबई हे या खेळाचे भारतातील एक प्रमुख केंद्र ठरले.

व्यायामाचे शास्त्र : वासरू उचलत उचलत अखेर बैल उचलणाऱ्या क्रोटनच्या मायलोची ग्रीक आख्यायिका प्रसिद्ध आहे. तीतील क्रमवर्धी भाराचे तत्त्व टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी वैद्याने दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवरील उपचारांत शास्त्रशुद्धपणे वापरले व १९४५ मध्ये मांडले. स्नायूवर सवयीहून अधिक ताण पडला, की विश्रांतिकाळात त्यातील प्रथिनांची घडण वाढते व त्याचे तंतू जाड होतात. तथापि व्यायामाने एखाद्या ठिकाणचाच मेद घटविता येत नाही. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे स्नायू मोठे असूनही दोन्ही हातांवरील मेदाची जाडी सारखीच असल्याचे १९७१ मधील एका अभ्यासात आढळले. पोटाचे व्यायाम शेकड्यांनी करूनही उदराचे स्नायू दिसत नाहीत, याचे कारण हेच होय. ते स्नायू असतातच. ते मेदाखाली झाकलेले असतात.

आहार : मेद कमी होण्यासाठी खर्चाहून कमी ऊर्जा घ्यावी लागते. एक किग्रॅ. मेदऊतीत सु. ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात; म्हणून रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवल्यास आठवड्यास सु. अर्धा किग्रॅ. घट होऊ शकते. ही तूट फार मोठी असेल, तर मेदाबरोबर स्नायूही झिजतात. अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ स्वयंसेवकांवर केलेल्या अर्धोपासमारीच्या प्रयोगात शक्तिपात, औदासीन्य व अन्नाविषयीचा ध्यास हे परिणाम स्पष्टपणे नोंदले गेले. स्नायू टिकविण्यासाठी वजनांचा व्यायाम व पुरेसे प्रथिन यांची गरज असते. सामान्य भारतीय प्रौढासाठी दर किग्रॅ. वजनामागे रोज ०·८३ ग्रॅ. प्रथिनाची शिफारस आहे. भारव्यायाम करणाऱ्यास सु. १·६ ग्रॅ. पर्यंत लाभ होतो, त्यापुढे तो फारसा वाढत नाही. दूध, दही, डाळी, अंडी व मासे यांतून ही गरज भागू शकते. प्रथिनांच्या भुकट्या सोयीच्या असल्या, तरी अपरिहार्य नव्हेत.

शरीरबांधा : एकच व्यायाम व एकच आहार असूनही दोघांचे देह सारखे घडत नाहीत. या भेदाचे वर्गीकरण जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट क्रेचमर यांनी १९२१ मध्ये व अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये केले. शेल्डन यांनी गोलाकार, स्नायुप्रधान व कृश असे तीन घटक मानून प्रत्येकास एक ते सात गुण दिले. देहावरून स्वभाव ठरविण्याचा त्यांचा प्रयत्न शास्त्राने नाकारला, शरीरमापनाची पद्धत मात्र १९६७ मध्ये हीथ व कार्टर यांनी सुधारून घेतली व ती क्रीडाशास्त्रात रूढ झाली. कोणताही मनुष्य केवळ एका प्रकारचा नसतो आणि आहार-व्यायामाने हे गुणांक काही अंशी बदलतात. परंतु अस्थींची रुंदी, स्नायूंची लांबी व त्यांच्या कंडरांच्या जागा आनुवंशिक असतात. उदराच्या सरळ स्नायूवरील आडव्या कंडरापट्ट्यांची संख्या व मांडणीही जन्मतःच ठरते. त्यामुळे कोणाच्या उदरावर चार, कोणाच्या सहा, तर कोणाच्या आठ विभागांचे दर्शन होते. ही संख्या कोणत्याही व्यायामाने बदलत नाही.

सुस्पष्टतेचा आग्रह व त्याची किंमत : १९४० च्या दशकापर्यंत जॉन ग्रिमेकसारखे शरीरसौष्ठवपटू भारोत्तोलनातही प्रवीण असत. बेन व जो वीडर या बंधूंनी १९४६ मध्ये स्थापन केलेला आंतरराष्ट्रीय संघ आणि १९६५ पासूनची मिस्टर ऑलिंपिया स्पर्धा यांमुळे हा खेळ स्वतंत्र झाला. १९६८ मध्ये मायामी येथील स्पर्धेत तरुण आर्नल्ड श्वार्ट्‌झनेगर हा त्याच्याहून वीस किग्रॅ.पेक्षाही हलक्या असलेल्या फ्रँक झेन याच्याकडून पराभूत झाला. झेनचे स्नायू लहान, परंतु अत्यंत रेखीव होते. स्नायू केवळ मोठे असून भागत नाही, ते दिसावे लागतात, हा धडा या निकालाने दिला. श्वार्ट्‌झनेगरने पुढे सात वेळा ऑलिंपिया किताब मिळविला. स्त्रियांची ऑलिंपिया स्पर्धा १९८० मध्ये सुरू झाली.

याच काळात औषधांचा शिरकाव झाला. टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन १९३५ मध्ये कृत्रिम रीत्या तयार करण्यात आले व १९५८ मध्ये अमेरिकेत त्याचे एक संश्लेषित रूप गोळ्यांच्या स्वरूपात विक्रीस आले. त्यामुळे स्नायूंची वाढ नैसर्गिक मर्यादेपलीकडे गेली. परंतु यकृत, हृदय व जननग्रंथी यांवर गंभीर परिणाम होऊ लागले. त्वचा स्नायूंना चिकटून दिसावी म्हणून मूत्रल औषधांनी शरीरातील पाणी काढण्याची प्रथाही पडली. १९९२ मध्ये मोहंमद बेनाझिझा याचा नेदर्लंड्समधील स्पर्धेनंतर, तर अत्यल्प मेदासाठी ख्यातनाम असलेल्या आंड्रेआस म्युन्झर याचा १९९६ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू झाला. भारतातही उत्तेजक चाचण्यांत दोषी ठरणाऱ्यांत शरीरसौष्ठवपटूंचे प्रमाण लक्षणीय राहिले आहे.

पुरुषाच्या शरीरात सु. ३ ते ५ टक्के व स्त्रीच्या शरीरात सु. १२ टक्के मेद जीवनावश्यक असतो. पुरुषाच्या उदराचे स्नायू सामान्यतः १० टक्क्यांच्या आसपास स्पष्ट दिसू लागतात. स्पर्धकाची त्याहून खालची अवस्था काही दिवसच टिकविता येते व तीत हॉर्मोनांचे प्रमाण घटते, स्त्रियांची मासिक पाळी थांबू शकते आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. छायाचित्रात दिसणारा देह हा पुष्कळदा त्या धारकाच्याही नित्याचा देह नसतो. हे न उमगल्याने अनेक तरुण, विशेषतः पंधरा ते पंचवीस या वयाचे, स्वतःच्या निरोगी शरीरास उणे लेखतात व धोक्याच्या मार्गास लागतात.

नियमित भारव्यायाम, मोजका व सकस आहार आणि पुरेशी झोप यांच्या साहाय्याने बहुतेक निरोगी व्यक्ती काही महिन्यांत बल व बांधेसूदपणा यांत निश्चित प्रगती करू शकतात. तिची गती व मर्यादा प्रत्येकाच्या बांध्यावर अवलंबून राहते. स्नायूंच्या रेषा दिसणे हे त्या प्रगतीचे एक फळ आहे; आरोग्याचे ते एकमेव अथवा सर्वांत विश्वसनीय लक्षण नव्हे.