हीथ्रोवरून परत

मंगळवार, 28 सप्टेंबर 1976. तुम्ही लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आहात. खिशात एक पौंडाची हिरवी नोट आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत आपल्या रुपयाचा दर याच पौंडाला बांधलेला होता; 1975 च्या सप्टेंबरात भारतानं तो सोडवून घेतला. आज ही नोट हातात धरल्यावर तो निर्णय किती वेळेवर झाला हे कळतं, कारण मार्चमध्ये दोन डॉलरच्या खाली गेलेला पौंड अजून खालीच चालला आहे.

खास पाहुण्यांच्या कक्षात दाट भुवयांचा एक धिप्पाड माणूस अस्वस्थपणे बसला आहे. ब्रिटनचे अर्थमंत्री डेनिस हीली. त्यांच्याबरोबर बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर गॉर्डन रिचर्डसन आहेत. दोघांना आधी हाँगकाँगला राष्ट्रकुलाच्या अर्थमंत्र्यांकडे आणि तिथून मनिलाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वार्षिक बैठकीला जायचं आहे. बाजारात पौंडाची विक्री थांबत नाही. विमान उडालं की कित्येक तास अर्थमंत्र्याला आपल्या चलनाचं काय झालं हे कळणारही नाही. अखेर हीली उठतात आणि विमानाकडे न जाता गाडीकडे चालू लागतात. तुम्ही मागोमाग निघा.

चलन वाचवायला म्हणून अर्थमंत्री परत फिरला, आणि तो परत फिरला ही बातमी फुटताच बाजार आणखी घाबरला. दुसऱ्या दिवशी सरकारनं जाहीर केलं की ब्रिटन नाणेनिधीकडे 3.9 अब्ज डॉलर मागणार. एवढं मोठं कर्ज तोवर निधीकडे कोणीच मागितलं नव्हतं.

वर्षच विचित्र गेलं आहे. उन्हाळ्यात इतका दुष्काळ पडला की सरकारला ऑगस्टअखेर एक दुष्काळमंत्री नेमावा लागला, आणि नेमणूक होते न होते तोच पाऊस आला. पैशाच्या दुष्काळाला असं नशीब नाही. 1973 च्या तेलदरवाढीनंतर महागाई उसळली, 1975 च्या ऑगस्टात ती 26 टक्क्यांच्या वर गेली. यंदा जूनमध्ये श्रीमंत देशांच्या मध्यवर्ती बँकांनी 5.3 अब्ज डॉलरची उचल देऊ केली, पण घेतलेले पैसे 9 डिसेंबरला परत करायचे, ही अट घालून. ती तारीख आता प्रत्येक बैठकीत येऊन बसते.

ब्लॅकपूलला चला. समुद्रकाठच्या या गावात मजूर पक्षाचं अधिवेशन भरलं आहे. हीली हीथ्रोवर घालमेलीत होते त्याच दिवशी पंतप्रधान जेम्स कॅलहॅन इथे सांगत होते की खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडण्याचे दिवस संपले. नाणेनिधीचा एकही माणूस अजून लंडनमध्ये उतरलेला नाही, हे इथे लक्षात ठेवा. कपात जुलैमध्येच सुरू झाली होती. पुढे पुष्कळांनी असं लिहिलं की निधीनं ब्रिटिश मजूर सरकारला वाकवलं. माझं मत वेगळं आहे: सरकार आधीच वाकत होतं, फक्त स्वतःच्या लोकांपुढे ते कबूल करायला त्याला बाहेरचा कोणीतरी हवा होता.

गुरुवारी हीली इथे पोचतात. पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत ते नाहीत, म्हणून देशाच्या अर्थमंत्र्याला व्यासपीठावरून नव्हे, सभागृहातून बोलावं लागतं, तेही पाच मिनिटं. तुम्ही मधल्या रांगेत आहात. हुर्योही ऐकू येते, टाळ्याही. हीली ओरडून सांगतात की मी रणांगणावरून आलो आहे. मला हे दृश्य नेहमीच थोडं हास्यास्पद आणि थोडं थोर वाटत आलं आहे.

लंडनला परतण्याआधी मधल्या मधे एक वळसा घ्या, 1944 च्या जुलैपर्यंत. अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या हॉटेलात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स ज्या निधीची घडण करताहेत, तो हाच. भारताच्या शिष्टमंडळात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख आहेत, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धाचा माल आणि सैनिक पुरवून भारताचे कोट्यवधी पौंड ब्रिटनकडे अडकले आहेत. शिष्टमंडळातलेच मुंबईचे ए. डी. श्रॉफ तो प्रश्न मांडतात: आमचा अडकलेला पैसा मोकळा व्हायला निधीनं मदत करावी. केन्स उभे राहतात, अतिशय सभ्य भाषेत भारताचे आभार मानतात आणि हा हिशेब आम्ही आपसात मिटवू, असं सांगून विषय बाजूला ठेवतात. ब्रिटनच्या कर्जांची चर्चा निधीच्या टेबलावर नको, हा त्यांचा आग्रह. बत्तीस वर्षांनी ती चर्चा त्याच टेबलावर आली. लंडनमध्ये पौंडात पैसे ठेवणारे आता नायजेरिया आणि आखातातले तेलवाले देश आहेत, एवढाच फरक. आणि ते मुकाट्यानं पैसे काढून घेताहेत.

1 नोव्हेंबर. मेफेअरमधल्या आल्बमार्ल स्ट्रीटवर ब्राउन्स हॉटेल आहे. नोंदवहीत सहा पाहुण्यांची नावं लिहिली जातात आणि ती खोटी आहेत. पत्रकारांना चुकवायला नाणेनिधीचं पथक असं लपूनछपून उतरलं आहे. प्रमुख ॲलन व्हिटोम, स्वतः इंग्रज आणि एके काळी बँक ऑफ इंग्लंडमध्येच नोकरीला असलेले. उद्या अमेरिकेत निवडणूक आहे. कॅलहॅनना आशा होती की जेराल्ड फोर्ड वॉशिंग्टनमधून निधीला जरा सबुरीनं घ्यायला सांगतील. फोर्ड हरतात, जिमी कार्टर निवडून येतात, आणि आशेला जागाच राहत नाही. अमेरिकी अर्थखातं तर आधीपासून सबुरीच्या विरुद्ध आहे. निधीच्या तिजोरीत एवढे पैसे नाहीत. बराचसा भाग अमेरिका आणि जर्मनी देणार. म्हणून पाहुण्यांच्या तोंडून कोणाचा आवाज येतोय, हे कॅबिनेटमधल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पाहुणे येतात आणि बसून राहतात. ब्रिटिश अर्थखातं म्हणतं, आमचे अंदाज अजून तयार नाहीत. दोन आठवडे असेच जातात. तुम्ही पुण्यामुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत टेबलामागून टेबल हिंडला असाल तर ही युक्ती ओळखाल.

मग आकडे येतात. पुढच्या आर्थिक वर्षी, 1977-78 मध्ये, सार्वजनिक क्षेत्राला साडेदहा अब्ज पौंड कर्ज काढावं लागेल. हा आकडा मनात ठेवा. पुढचे काही आठवडे याच्याभोवती फिरणार आहेत.

बुधवार, 1 डिसेंबर. दहा डाउनिंग स्ट्रीट. कॅबिनेटच्या खोलीतलं टेबल होडीच्या आकाराचं आहे, टोकांना निमुळतं, म्हणजे मधे बसलेल्या पंतप्रधानांना सगळे चेहरे दिसतात. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा. कॅलहॅन फार बोलत नाहीत. त्यांनी ठरवलं आहे की प्रत्येकाला पोटातलं ओकू द्यायचं. दिवसच्या दिवस हेच चाललं आहे, आणि मला वाटतं त्या हिवाळ्यातली खरी राजकीय कारागिरी हीच होती.

डाव्या गटाचे ऊर्जामंत्री टोनी बेन यांनी 1931 च्या मजूर कॅबिनेटचं इतिवृत्त काढून सहकाऱ्यांत वाटलं आहे. तेव्हा न्यूयॉर्कच्या बँकांचं कर्ज मिळावं म्हणून बेकारभत्त्यात दहा टक्के कपात करायची की नाही यावर कॅबिनेट फुटलं, सरकार पडलं, पक्ष कित्येक वर्षं सत्तेबाहेर फेकला गेला. टेबलाभोवतीच्या वयस्क मंत्र्यांना ते तरुणपणातलं आठवतं. बेन यांचा उपाय: आयातीवर बंधनं घाला, भांडवल बाहेर जाऊ देऊ नका. सहकारी त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून जेरीस आणतात. दुसरी बाजू परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड यांची. ते म्हणतात, साडेबारा लाख माणसं बेकार असताना आणखी कपातीला आर्थिक आधार काय? जुलैची कपात अजून पुरती लागूही झालेली नाही. निधी कर्ज नाकारणार नाही. आमचं सैन्य पश्चिम जर्मनीत ऱ्हाइन नदीवर उभं आहे, ते मागे घेण्याची नुसती कुजबुज केली तरी बॉन आणि वॉशिंग्टन नरमतील.

त्याच दिवशी निधीचे व्यवस्थापकीय संचालक योहानेस विटेवेन गुपचूप लंडनला येऊन पंतप्रधानांना भेटतात. आणखी कपात हवी, असं त्यांचं म्हणणं. कॅलहॅन संतापतात. पण क्रॉसलंडना त्यांनी आधीच खाजगीत सांगितलं आहे की मी डेनिसच्या मागे उभा राहणार.

दुसऱ्या दिवशी क्रॉसलंड तेच टेबल गाठतात आणि सांगतात की माझं मत बदललेलं नाही, आर्थिकदृष्ट्या हे चूकच आहे; पण पंतप्रधानांचा पराभव झाला असं जगानं पाहिलं तर पौंड राहणार नाही, म्हणून मी पाठिंबा देतो. डाव्या गटाचे ज्येष्ठ मंत्री मायकेल फूटही पक्ष फुटू देत नाहीत. कोणीही राजीनामा देत नाही. 1931 ची पुनरावृत्ती टळली.

15 डिसेंबरला हीली संसदेत सौदा वाचून दाखवतात: पुढच्या वर्षी एक अब्ज पौंडांची कपात, त्यापुढच्या वर्षी दीड अब्ज, शिवाय ब्रिटिश पेट्रोलियमचे 50 कोटींचे शेअर विकायचे. सुरुवातीला निधीनं मागितलेल्यापेक्षा हे बरंच कमी. 3 जानेवारी 1977 ला वॉशिंग्टनमध्ये मंजुरी. आणि मग जे घडलं त्यानं अर्थखात्यातले लोकही चक्रावले. पैसा परत वाहू लागला. ऑक्टोबर 1976 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर 15 टक्के होता, वर्षभरानं 5. बाजाराला कर्जाच्या रकमेशी देणंघेणं नव्हतं. त्याला जामीनदाराची सही हवी होती. ब्रिटननं मंजूर रकमेपैकी निम्म्याच्या आसपासच उचलली.

आणि तो साडेदहा अब्जांचा आकडा? प्रत्यक्षात 1977-78 मध्ये कर्जाची गरज निघाली साडेपाच अब्जांच्या आसपास. निधीनं घातलेली मर्यादाच मुळी 8.7 अब्जांची होती. हीलींनी पुढे आपल्या आठवणींत चिडून लिहिलं की अर्थखात्याचे अंदाज बरोबर असते तर निधीकडे जावंच लागलं नसतं. म्हणजे गणितात क्रॉसलंड बरोबर होते. ते सिद्ध झालेलं पाहायला ते राहिले नाहीत. फेब्रुवारी 1977 मध्येच गेले.

इथवर अंदाज चुकला तो देशाच्या पथ्यावर. आता उलटा चुकलेला अंदाज पाहा.

रविवार, 9 मे 2010, वॉशिंग्टन. नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळापुढे ग्रीस आहे. एकूण 110 अब्ज युरोंचं कर्ज, त्यातले 30 अब्ज निधीचे, ग्रीसच्या निधीतल्या वाट्याच्या बत्तीसपटीहून जास्त. ग्रीसला स्वतःचं चलन नाही. 1976 मध्ये पौंड पडला, त्यानं अपमान झाला पण ब्रिटिश माल स्वस्तही झाला. अथेन्सला ती वाट बंद आहे. कर्ज फेडलं जाण्याची दाट शक्यता असल्याशिवाय एवढी मोठी रक्कम द्यायची नाही, हा निधीचा स्वतःचा नियम. तशी खात्री अधिकाऱ्यांना देता येत नाही. मग नियमातच एक पळवाट घातली जाते: संकट इतरत्र पसरण्याचा धोका असेल तर चालेल.

स्वित्झर्लंडचे प्रतिनिधी विचारतात, खाजगी धनकोंनी काही सोसायचं नाही का? ब्राझीलचे प्रतिनिधी म्हणतात, यात वाचताहेत त्या युरोपातल्या बँका. भारताचे अरविंद विरमानी इशारा देतात की चलनधोरणाचा आधार नसताना एवढी कपात या अर्थव्यवस्थेला पेलणार नाही. भाव, रोजगार, महसूल एकापाठोपाठ घसरतील आणि कार्यक्रमच पोखरला जाईल. सगळं नोंदवलं जातं. कर्ज मंजूर होतं.

मंडळापुढच्या तक्त्यात 2012 पर्यंत ग्रीसचं उत्पन्न 2009 पेक्षा साडेपाच टक्के खाली जाईल असं आहे, बेकारी 15 टक्के. प्रत्यक्षात उत्पन्न 17 टक्क्यांनी घसरलं, बेकारी 25 वर गेली. हे जून 2013 मध्ये निधीनंच आपल्या अहवालात छापलं. स्विस प्रतिनिधींनी विचारलं होतं तेही मार्च 2012 मध्ये झालं: खाजगी धनकोंना रोख्यांच्या दर्शनी किमतीतले 53.5 टक्के सोडावे लागले. पण मधल्या दोन वर्षांत बरेच रोखे मुदत संपून पूर्ण किमतीला वटले होते, आणि ते वटवायला पैसा याच कर्जातून गेला होता.