कोड: एका शब्दाने घातलेला घोळ

दिवसभर मी कोड लिहितो, पण आज बोलायचंय ते दुसऱ्या कोडाबद्दल. अंगावरचे पांढरे डाग, म्हणजे व्हिटिलिगो.

माझ्या आत्याला हे डाग होते. घरात तिचा चहाचा कप वेगळा असायचा. कुणी काही बोलायचं नाही, पण कप मात्र वेगळाच. ही भीती आली कुठून, हे शोधायला गेलो आणि थेट अथर्ववेदापर्यंत पोचलो. त्यात 'किलास' नावाचे डाग घालवण्यासाठी गडद रंगाच्या वनस्पतीला साकडं घातलंय.

पुढे सुश्रुताने किलास कुष्ठाच्याच वर्गात टाकलं, पण फरकही सांगितला: हे फक्त त्वचेपुरतं असतं आणि वाहत नाही. म्हणजे दोन्ही एक नाहीत, हे तेव्हाच माहीत होतं! पण 'कुष्ठ' या शब्दापासून मराठीत 'कोड' झाला आणि तोच पांढऱ्या डागांना चिकटला. तिकडे 'कुष्ठरोग' म्हणजे महारोग. नाव एकाच मुळाचं, म्हणून भीतीही तीच.

प्रत्यक्षात दोन्ही पूर्ण वेगळे. महारोग जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सननी तो 1873 मध्ये शोधला. त्यातल्या चट्ट्यावर बऱ्याचदा स्पर्श कळत नाही. आणि तोही आता औषधांनी पूर्ण बरा होतो, बरं का. कोडात जिवाणू नसतोच. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचा रंग बनवणाऱ्या पेशी असतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजून मारते. रंग जातो, स्पर्श शाबूत राहतो. शिवल्याने, उष्टं खाल्ल्याने हे पसरत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानेही होत नाही. जगात साधारण 0.5 ते 2 टक्के लोकांना हे असतं.

उपचाराची गोष्ट तर भारीच आहे. आपल्याकडे बावचीच्या बियांचा लेप लावून उन्हात बसवायचे. इजिप्तमध्येही एका रानटी झाडाच्या बिया अशाच वापरायचे. 1940 च्या दशकात कैरोतल्या शास्त्रज्ञांनी त्या बियांमधून सोरालेन गटातलं द्रव्य वेगळं काढलं. बावचीतही सोरालेन असतं! ते त्वचेला अतिनील किरणांसाठी संवेदनशील करतं. त्यातूनच 1970 च्या दशकात औषध अधिक प्रकाश अशी 'पुवा' उपचारपद्धत आली. पण घरी बावची लावून उन्हात बसू नका, त्वचा भाजून फोड येतात. आता त्वचारोगतज्ज्ञ बहुतेकदा नुसती अतिनील किरणं ठरावीक मात्रेत देतात. 2022 मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिब नावाच्या मलमालाही मंजुरी मिळाली.

आणि समाज? 1993 मध्ये मायकल जॅक्सनने ओप्रा विन्फ्रेच्या मुलाखतीत आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं. त्याचा स्मृतिदिन, 25 जून, आज जागतिक व्हिटिलिगो दिन म्हणून पाळतात. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' याच विषयावर आहे. नक्की बघा.

औषध शोधायला शतकं लागली. कप एकत्र ठेवायला मात्र कुठलाच शोध लागणार नव्हता. आत्या आता नाही. तुमच्या घरात असा वेगळा कप असेल, तर आजच तो बाकीच्या कपांत ठेवा.