मास्तरांच्या पाठीमागची माणसे

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 साली घालून दिली. तेव्हापासून या प्रथेचा एक गुण कायम आहे. वक्त्याला श्रोत्यांची तोंडे दिसतात. कंटाळा आला की खुर्च्या वाजू लागतात, पटले की माना हलतात, आणि शहाणा वक्ता त्याप्रमाणे आपली गाडी रुळावर आणतो. आम्ही तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आहोत. पाळी सुटल्यावर घराकडे निघालेला कामगार सायकल टेकवून उभा राहतो की तसाच पुढे जातो, यावरून भाषण कसे झाले ते आम्हांला जागच्या जागी कळते. पण ज्या अध्यापकाला विद्यार्थी दिसतच नाही, त्याने काय करावे? आणि त्याला ते काम जमावे म्हणून कोणी हात दिला? आजचा विषय एवढाच आहे. आम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयांतून आणि टपालाने आलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे हा इतिहास आम्हांला थोडासा घरचा वाटतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रारंभ टपालाच्या तिकिटापासून करावा लागतो. इंग्लंडात 1840 साली एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले, आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन याने आपली लघुलिपी टपालाने शिकवावयास आरंभ केला. शिष्य बायबलातील उतारे लघुलिपीत लिहून पाठवीत, पिटमन दुरुस्त करून परत धाडी. पुढे 1858 साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना मोकळ्या केल्या. मात्र हे विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवीत नसे. मधली पोकळी खाजगी शिकवणीवाल्यांनी भरली. विल्यम ब्रिग्ज याने 1887 साली केंब्रिजमध्ये पत्रद्वारा शिकवणारे कॉलेज काढले, आणि त्याच्याकडे तपासनीस शिक्षक म्हणून राबणाऱ्यांत एच. जी. वेल्स हा तरुणही होता. पुढे त्याने भविष्यातील यंत्रांच्या अद्भुत कथा लिहिल्या. त्या काळात मात्र तो परक्या मुलांच्या जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासत होता. कामगारांच्या बाजूनेही प्रयत्न झाले. ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजने 1899 पासूनच घरी बसून शिकणाऱ्यांसाठी पत्रद्वारा वर्ग ठेवले, आणि पुढे ब्रिटिश लेबर कॉलेजांनी युनियनच्या सभासदांना टपालाने अर्थशास्त्र शिकवले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. मास्तर एकटा होता. धडा लिहिणारा तोच, तपासणारा तोच, आणि विद्यार्थी मध्येच गळाला तर हळहळणाराही तोच.

हे एकटेपण प्रथम मोडले ते ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने, आणि म्हणून तिच्यापाशी जरा थांबावयाचे आहे. 8 सप्टेंबर 1963 रोजी हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात आकाशवाणीच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ते पंतप्रधान झाल्यावर हे काम जेनी ली या बाईंकडे आले. ली या स्कॉटलंडमधील खाणकामगाराची मुलगी. कामगारांसाठी म्हणून कमअस्सल पदवी काढावयाची नाही, इतर विद्यापीठांच्या तोडीचीच काढावयाची, हा त्यांचा हट्ट. थट्टा पुष्कळ झाली. प्रतिष्ठित पुढाऱ्यांनी ही कल्पना निव्वळ खुळेपणा ठरवली. तरी 23 एप्रिल 1969 रोजी सनद मिळाली आणि जानेवारी 1971 मध्ये सुमारे 24 हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. मानव्यविद्या, समाजशास्त्रे, गणित आणि विज्ञान असे चार पायाभूत अभ्यासक्रम होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरी प्रयोग करण्यासाठी साहित्याची पेटी मिळे, तीत प्लास्टिकचा एक चिमुकला सूक्ष्मदर्शकही असे. स्वयंपाकघरातील टेबलावर प्रयोगशाळा मांडणाऱ्या त्या गृहिणींचे आणि बसड्रायव्हरांचे चित्र आम्हांला फार आवडते.

परंतु आमचे लक्ष वेधले ते या घराच्या मागील दाराने. पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे एडिंबरोचे औषधविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्या विद्यापीठात अभ्यासक्रम एका प्राध्यापकाने लिहावयाचा नव्हता, एका तुकडीने लिहावयाचा होता. तुकडीत विषयाचे अध्यापक असत, बीबीसीचा निर्माता असे, संपादक असे, आणि शिकवण्याच्या तंत्राचा जाणकार असे. या जाणकारांसाठी विद्यापीठाने स्वतंत्र संस्थाच उभारली होती. एकाने मसुदा लिहावयाचा, बाकीच्यांनी तो उघडपणे फाडावयाचा, मग दुसरा मसुदा, मग तिसरा. विद्यापीठातील प्राध्यापक हा आपल्या वर्गाचा राजा असतो. दार लावले की आत काय चालते ते तो जाणे आणि त्याचे विद्यार्थी जाणोत. येथे त्याचे टाचण सहकाऱ्यांपुढे टेबलावर पसरले जाई. हे वाक्य विद्यार्थ्याला कळणार नाही, असे निर्मात्याने म्हणावे आणि प्राध्यापकाने ते ऐकून घ्यावे, हे सोपे नव्हते. कारखान्यातील कसबी कारागिराच्या नकाशावर दुसऱ्याने लाल खूण केली की काय होते ते आम्ही पाहिलेले आहे.

कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे आणखी एक दिव्य. त्याची सोय लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होती. बीबीसीची दूरचित्रवाणी 1936 साली जेथून सुरू झाली ती हीच इमारत. तेथे जन्मात फळ्याशिवाय काही न पाहिलेले प्राध्यापक दिव्यांच्या उकाड्यात उभे राहून समीकरणे समजावू लागले, आणि शेजारी उभे असलेले तंत्रज्ञ त्यांना कोठे पाहावयाचे, कोठे थांबावयाचे ते सांगू लागले. या तंत्रज्ञांची नावे कोणत्याही पदवीपत्रावर आली नाहीत.

याहून मोलाची व्यवस्था पडद्यापासून दूर, गावोगावी होती. विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासण्यासाठी हजारो अर्धवेळ शिक्षक नेमलेले होते. तपासणे म्हणजे गुण देणे नव्हे. समासात, शेवटी, वेगळ्या कागदावर लिहून त्या न पाहिलेल्या माणसाशी बोलणे. देशाचे 13 विभाग पाडले होते आणि प्रत्येक विभागात पूर्णवेळ अध्यापक असे, ज्याचे कामच मुळी या अर्धवेळ शिक्षकांना निवडणे, शिकवणे आणि अडचणीत साथ देणे हे होते. तपासलेल्या स्वाध्यायांतील काही पुन्हा वरून पाहिले जात आणि शिक्षकाला त्याच्या शेऱ्यांबद्दल सल्ला मिळे. म्हणजे मास्तराच्या पाठीशी मास्तर उभा केला. दूरशिक्षणाच्या इतिहासात दूरचित्रवाणीचे फार कौतुक होते. आमच्या मते खरा शोध हा आहे. याला पुरावा असा की ओपन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासक्रमांचे बीबीसीवरील प्रसारण डिसेंबर 2006 मध्ये थांबले, आणि विद्यापीठ चालूच राहिले. स्वाध्यायावर लिहिणारा शिक्षक मात्र एक दिवसही थांबवता आला नसता.

किंबहुना तशी वेळ पहिल्याच महिन्यात आली होती. 20 जानेवारी 1971 रोजी ब्रिटनच्या टपाल कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला आणि तो 7 मार्चपर्यंत, 47 दिवस चालला. टपालावर उभे असलेले विद्यापीठ उघडते आणि टपालच बंद पडते! पुस्तके आणि साहित्य अन्य वाटांनी पोहोचवावे लागले, स्वाध्याय अडकले, आणि नव्या शिक्षकांना आपले विद्यार्थी आहेत तरी कोठे हे कळेना. आम्ही युनियनचे माणूस, तेव्हा आमचे मन येथे दुभंगते. ज्या कष्टकऱ्यांसाठी हे विद्यापीठ निघाले, त्यांच्यापैकीच एकांच्या न्याय्य लढ्याने दुसऱ्यांचा पहिला धडा अडवला. संप मागणीपेक्षा फार कमी पदरात पडून संपला. विद्यापीठ टिकले. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या, एवढेच सांगून पुढे जातो.

आपल्याकडे पाहू. दिल्ली विद्यापीठाने 1962 साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाचा तसा विभाग 1971 चा, म्हणजे ओपन युनिव्हर्सिटीच्या बरोबरीचा. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ 1982 साली आले, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले. शाळा सुटलेल्या माणसासाठी तेथे पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता. आमच्या चाळीतील दोघे त्या दाराने आत गेले. अध्यापकांना तयार करण्याचा विचारही झाला. इंदिरा गांधी विद्यापीठाने दूरशिक्षणाच्या शिक्षकांसाठी 1993 साली स्ट्राइड ही प्रशिक्षणसंस्था उभारली. त्याआधी 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान मंडळाचे पाठ दूरदर्शनवर, इन्सॅटच्या आधाराने, देशभर दिसू लागले होते. ते करण्यासाठी पुण्यासह काही विद्यापीठांत निर्मितीकेंद्रे निघाली, आणि तेथेही निर्माता आणि प्राध्यापक शेजारी बसले. पाठ उत्तम असत. पण बहुतेक इंग्रजीत. तालुक्याच्या कॉलेजातील मुलगा ते पाहून थक्क होई. शंका विचारावयाची तर कोणाला, हे त्याला कळत नसे. पुढे 2003 पासून आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटेल आणि 2017 साली स्वयम् आले. पाठांचा साठा डोंगराएवढा झाला.

आणि मग मार्च 2020. ओपन युनिव्हर्सिटीची तुकडी एकेका अभ्यासक्रमावर महिनोन्‌महिने बसत असे. येथे महासाथीमुळे कॉलेजे बंद झाली आणि काही दिवसांत लाखो अध्यापक स्वतःच्या मोबाईलसमोर, पुस्तकांच्या ढिगाला तो टेकवून, शिकवू लागले. निर्माता नाही, संपादक नाही, तंत्रज्ञ नाही. असलाच तर घरातील दहावीचा मुलगा. त्याच महिन्यात काही अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी लिहिले की याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ही आपत्कालीन सोय आहे. हे म्हणणे आम्हांला पटते. पाण्यात बुडणारा माणूस हात मारतो, त्याला कोणी पोहण्याचा वर्ग म्हणत नाही.

त्या वर्षी तासिका तत्त्वावर काम करणारे एक प्राध्यापक आमच्या कार्यालयात आले. तासाला ठरलेले पैसे, सुटीचे नाही, आजारपणाचे नाही. आमचे कार्यालय इंजिनिअरिंग कामगारांचे. प्राध्यापक तेथे फारसे फिरकत नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते: कॉलेजने सत्रभर त्यांचे पाठ मुद्रित करून घेतले. पाठ तयार करण्यास एका तासाला चार तास लागत, पैसे एकाच तासाचे. डेटा स्वतःचा. आणि पुढील वर्षी हेच पाठ लावले तर मग तुमची गरज किती, असे कोणीतरी हसत हसत बोलून गेले. ते हसणे त्यांना झोपू देत नव्हते.

आम्ही कायदा उघडला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली कलाकाराची व्याख्या घातली गेली. त्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती हे सगळे एका रांगेत बसवले आहेत. प्राध्यापक प्रथम रागावले, मग मनापासून हसले. आम्ही म्हटले, सर, गारुड्याच्या शेजारी बसल्याने तुमचे काही जात नाही. त्याच्या खेळाचे चित्रण परवानगीशिवाय करता येत नाही, तसे तुमच्याही पाठाचे. अर्थात लेखी करारात काय लिहून दिले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क सामान्यतः मालकाचा ठरतो. त्यांच्या नेमणूकपत्रात पाठांविषयी एक शब्दही नव्हता.

प्रश्न त्या एकट्यांचा नव्हता. स्वयम् वरून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा 2016 च्या नियमांत 20 टक्के होती, ती 2021 साली 40 टक्के झाली. विद्यार्थ्याची यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खेड्यातील मुलीला आयआयटीचा पाठ मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिने लिहिलेल्या उत्तरावर समासात चार ओळी कोण लिहिणार, आणि त्या लिहिणाऱ्याला पगार कोण देणार, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न अर्धवेळ शिक्षकांच्या युनियनने वर्षानुवर्षे लावून धरला. पेरींनी उभे केलेले ते गावोगावचे शिक्षक पन्नास वर्षे मुदतीच्या करारांवर होते. अभ्यासक्रम संपला की करार संपे. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांतील चार हजारांहून अधिक जण कायम नोकरीच्या नव्या करारावर आले. ही बातमी आम्ही त्या प्राध्यापकांना दूरध्वनीवरून सांगितली, तेव्हा ते वर्गावर निघाले होते.

त्यांच्या बाबतीत एवढे झाले. तीन बैठकांनंतर कॉलेजने पत्र दिले की मुद्रित पाठ ते असेपर्यंतच आणि त्यांना विचारूनच वापरले जातील. तयारीच्या तासांचे पैसे मिळाले नाहीत. तो अर्ज आमच्या कपाटात आहे, आणि त्याच्याखाली आता आणखी 11 जणांच्या सह्या आहेत.