गाडीचा विमा संपतोय अन् कंपनीचा फोन लागत नाही? आधी काय करायचं ते वाचा

गाडीच्या पॉलिसीवर शेवटची तारीख असते आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा वेळही छापलेली असते, रात्री 11 वाजून 59 मिनिटे. त्या मिनिटाला विमा संपतो. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर महिनाभराची सवलत मिळते, त्यामुळे गाडीच्या विम्यालाही तशी मुदत असेल असे अनेकजण धरून चालतात. गाडीच्या विम्याला अशी मुदत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दूध घालायला निघालेली गाडी विना विम्याचीच असते.

पोलिसांनी पकडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 नुसार पहिल्या वेळी 2 हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दंड 4 हजार. पण खरी भीती दंडाची नाही. विमा नसलेल्या गाडीखाली कोणी जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. ती दिली नाही तर कलम 174 नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. म्हणजे विषय थेट सातबाऱ्यापर्यंत जातो.

फोन का लागत नाही?

टोल फ्री नंबर लावला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो. एक दाबा, दोन दाबा, पॉलिसी नंबर टाका आणि शेवटी रजिस्टर मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा. तोपर्यंत शिवारात रेंज गेलेली असते. रेंज असली तरी बऱ्याचदा गाडी ओटीपीवर अडते, कारण पॉलिसीवरचा मोबाईल नंबर मालकाचा नसतोच. शोरूमवाल्याने स्वतःचा टाकलेला असतो, एजंटाने त्याचा टाकलेला असतो किंवा गाडी जुनी घेतलेली असते आणि नंबर आधीच्या मालकाचा असतो. मग नूतनीकरणाचा मेसेज त्यांना जातो आणि गाडीवाल्याला तारीख संपल्यावर कळते. पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावरचा मोबाईल नंबर, नाव, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण कोणी करत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. नाही केला तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आधीच्या मालकाची नो क्लेम बोनसची सवलत गाडीसोबत येत नाही, ती त्याच्याकडेच राहते.

एजंटाला पैसे दिले म्हणजे विमा झाला असं नाही

विमा कायदा 1938 च्या कलम 64 व्हीबी नुसार हप्त्याची रक्कम आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. त्याच कलमात एजंटाने घेतलेला हप्ता, बँक आणि पोस्टाची सुट्टी सोडून, 24 तासांत कंपनीकडे भरावा किंवा रवाना करावा असे सांगितले आहे. “पैसे दे, उद्या बघतो” या बोलण्याला कायद्यात काही अर्थ नाही. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर रोख देऊन आलात आणि एजंटाने ते आठवडाभर खिशात ठेवले, तर त्या आठवड्यात झालेल्या अपघाताचे भांडण तुमच्याच वाट्याला येणार. म्हणून पैसे शक्यतो थेट कंपनीच्या नावाने ऑनलाइन किंवा चेकने द्यावेत आणि पॉलिसीची पीडीएफ मोबाईलवर आल्याशिवाय काम झाले असे समजू नये. चेक दिला असेल तर खात्यात शिल्लक ठेवा. चेक परत गेला तर पॉलिसी रद्द होऊ शकते.

ऑनलाइन भरताना पैसे कटले आणि पॉलिसी आलीच नाही, हाही नेहमीचा प्रकार आहे. बँकेचा मेसेज म्हणजे विमा नव्हे. पॉलिसी नंबर मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि कंपनीला ईमेल करा. फोनवर काय बोलणे झाले ते उद्या सिद्ध करता येत नाही, ईमेलवर तारीख आणि वेळ दोन्ही राहते.

जुन्याच कंपनीच्या मागे लागायची गरज नाही

एवढी एक गोष्ट कळली तरी अर्धा ताण कमी होतो. नूतनीकरण मागच्या वर्षीच्याच कंपनीकडे करावे असे बंधन नाही. आरसी, जुनी पॉलिसी, आधार किंवा पॅन घेऊन कोणत्याही वाहन विमा कंपनीच्या शाखेत जाता येते. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत. ज्यांचा मोबाईलवर भरवसा नाही त्यांच्यासाठी समोर बसून काम होणारी शाखा बरी. सीएससी केंद्रातूनही वाहन विमा निघतो. आरसीवरचे नाव आणि आधारवरचे नाव वेगळे असेल तर केवायसीत खोळंबा होतो, तेव्हा ते आधीच बघून ठेवा.

मुदत संपून गेली असेल तर मात्र ज्याला आपल्याकडे फुल इन्शुरन्स म्हणतात त्यासाठी कंपनी गाडीची तपासणी मागते. आता बऱ्याच कंपन्या लिंक पाठवून मोबाईलवर फोटो किंवा व्हिडिओ घ्यायला लावतात. गाडी धुऊन, दिवसाउजेडी, रेंज असेल तिथे नेऊन काढावा. त्यात दोन दिवस जाणार असतील आणि गाडी लागणारच असेल, तर थर्ड पार्टी विमा लगेच काढावा, त्याला तपासणी लागत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नंतर वेगळा घेता येतो, 2019 पासून ती सोय आहे. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते, त्यामुळे कंपनी बदलली म्हणून ते बदलत नाहीत. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये, त्यावर जीएसटी वेगळा.

नो क्लेम बोनस 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत असतो आणि मुदत संपल्यापासून 90 दिवसांत विमा काढला तर टिकतो. काहीजण या 90 दिवसांनाच सवलतीची मुदत समजतात. ती फक्त बोनसची मुदत आहे, त्या काळात गाडीला विमा नसतो.

गुगलवरचा नंबर नको

कंपनीचा नंबर पॉलिसीच्या कागदावरून घ्यावा. गुगलवर शोधून मिळालेले कस्टमर केअरचे नंबर अनेकदा भामट्यांचे असतात. विमा नियामक आयआरडीएआय स्वतः कोणाला फोन करून पॉलिसी विकत नाही, असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा. मिळालेली पॉलिसी खरी आहे का ते एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. नोंद दिसायला काही दिवस लागू शकतात.

तक्रार कुठे?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. त्यांनी दोन आठवड्यांत निकाल द्यायला हवा. उत्तर नाही आले तर आयआरडीएआयच्या 155255 किंवा 1800 4254 732 या नंबरवर किंवा बिमा भरोसा पोर्टलवर नोंद करता येते. त्यानंतर विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. हप्ता घेऊन पॉलिसी दिली नाही, ही तक्रारही त्यांच्याकडे चालते. राज्यात मुंबई आणि पुण्याला लोकपालांची कार्यालये आहेत. अर्जासोबत पैसे भरल्याचा पुरावा आणि कंपनीला केलेल्या पहिल्या तक्रारीची प्रत जोडावी लागते, म्हणून तो ईमेल डिलीट करू नका.